नौसिकाचं तळघर

ठाणे, रविवार

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

चिऊसाठी सिनेमा सुचव म्हणालास. मी 'नौसिका' म्हटल्यावर, "१९८४ चा? आजच्या पोरांना काय कळणार?" असं तुझं आलं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

जपानी ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची ही गोष्ट महायुद्धात जग जळून गेल्यानंतर हजार वर्षांनी घडते. विषारी बुरशीचं जंगल पसरत चाललंय. तिथे मास्क काढला की माणूस संपला. ओहमू नावाचे घराएवढे किडे जंगल राखतात. आसपासच्या राज्यांना एकच उपाय सुचतो, जाळून टाका.

एका छोट्या राज्याची राजकन्या नौसिका मात्र त्या जंगलातले बीजाणू वेचून आणते. वाड्याच्या तळघरात, खूप खोल विहिरीतलं पाणी आणि तिथलीच वाळू घालून ती रोपं वाढवते. रोपं फुलतात, आणि त्यांच्यात विषाचा लवलेश नसतो! खोट जंगलात नाही, मातीत आहे, आणि माती माणसानेच नासवलीय. पुढे ती जंगलाच्या पोटात पडते, तेव्हा सगळा उलगडा होतो. झाडं विष शोषून घेतात, मरून दगड होतात, आणि त्या दगडांची स्वच्छ वाळू खाली झरत राहते.

नौसिका तलवारही चालवते. वडिलांना मारलेलं बघून तिचा तोल जातो आणि ती माणसं कापते. तरी मला ती तळघरातलीच थोर वाटते. ज्याची सगळ्यांना किळस, त्याच्यापाशी बसून हे असं का झालं हे शोधणारी.

मियाझाकींच्या मनात तेव्हा जपानमधलं मिनामाता शहर होतं. चिस्सो कंपनीने पाऱ्याचं सांडपाणी तिथल्या समुद्रात सोडलं, आणि मासे खाऊन कोळ्यांची घरंच्या घरं लुळी पडली. आईच्या पोटातली बाळंसुद्धा सुटली नाहीत. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, आणि ते विष सोडणं थांबायला १९६८ उजाडलं! मासेमारी बंद पडली, आणि त्याच पाण्यात मासे मात्र फोफावले. मियाझाकींच्या डोक्यात हे घर करून राहिलं.

यमुनेवर फेस आला की पाणी फवारून तो फेस बसवतात. अशा बातम्या वाचल्या की मला नौसिकाची ती विहीर आठवते. फेस दिसतो म्हणून फेसाशी भांडण, आणि तो कुठून येतो ते कुणी विचारायचं?

मियाझाकींची याच नावाची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८२ ते १९९४ चालली, ती तू वाच. तिथे ते जंगलही माणसानेच घडवलेलं निघतं, आणि माणसं विषाला इतकी सरावलेली की शुद्ध हवाच त्यांना मारील. सिनेमातल्या आशेपेक्षा मला हे जास्त खरं वाटतं. चिऊला ते आत्ताच नको.

एक सांभाळ. अमेरिकेत १९८५ साली याची वीसेक मिनिटं कापून, नाव बदलून आवृत्ती काढली होती. ती घेऊ नकोस, पूर्ण ११७ मिनिटांचाच लाव. आणि ओहमूच्या पिल्लाला छळतात तिथे चिऊजवळ बस, ती रडेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय