काकांच्या तळघरातली डी-४५ गिटार

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या तळघरात दुखावलेली गिटार घेऊन येणारा मी एकटाच नाही, पण त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले ते माझ्याकडूनच.

जानेवारीत गिटारला ब्रिजखाली, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीखाली, भेग पडली, त्या रात्री मला झोप लागली नाही. हीटर दिवसरात्र चालू, हवा कोरडी आणि गिटार भिंतीवर टांगलेली; चूक माझीच. तुम्ही रागावला नाहीत. भेग सरसाने सांधलीत, आतून स्प्रूस लाकडाच्या छोट्या चकत्या लावल्यात, आणि हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर हातात ठेवून बजावलंत, "काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये हवा." पैसे तर घेतलेच नाहीत.

पण खरे आभार त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. तुम्ही तुमची डी-४५, मार्टिन या अमेरिकन कंपनीची गिटार, माझ्या मांडीवर ठेवलीत.

दहा हजार डॉलरच्या पुढची गिटार म्हणजे निव्वळ शिंपल्यांच्या नक्षीचे पैसे, असं मला वाटायचं. तुम्ही वाद घातला नाहीत. "नुसता आवाज हवा तर मार्टिनचीच साधी डी-२८ घे. आकार तोच, लाकूड तेच," म्हणालात आणि दिवा तिरका धरलात. कडेने फिरलेली अबलोनी शिंपल्याची पट्टी हिरवी होती ती जांभळी झाली, मग मोरपंखी. "सांधा शोध." बोटभरही नसतील असे ते तुकडे, कमरेच्या वळणाबरोबर वळत गेलेले. नख फिरवून पाहिलं, कुठेच अडलं नाही. ज्याने हे बसवलं त्याने आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या आधाराच्या लाकडी पट्ट्याही तशाच जिवापाड तासल्या असतील, हे तेव्हा मनोमन पटलं.

पहिली डी-४५ १९३३मध्ये जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉयसाठी घडली आणि १९४२पर्यंत जेमतेम ९१ झाल्या, हे सांगताना तुमचा आवाज हळवा झाला होता. ऐन मंदीत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिन कारखान्यात कुणीतरी शिंपला तासत बसलं होतं!

मग तुम्ही गिटार उलटी केलीत. "लाकूड ओळखतोस?" १९६९च्या सुमारास मार्टिनने ब्राझीलचं रोझवूड सोडून भारतातलं घेतलं, आणि ते म्हणजे आपलं शिसवी. काका, आजीचा देव्हारा शिसवी होता. दर दिवाळीला तो तेलाने पुसायचं काम माझं. न्यू जर्सीच्या त्या तळघरात मी कितीतरी वेळ नुसता त्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, आणि तुम्ही काही न बोलता चहा टाकायला गेलात.

भेग आता हाताला लागत नाही. काटा ४८वर आहे. मार्चमध्ये तारा बदलायला येतो.

तुमचा,
भेगवाला