गिझर पुन्हा पेटवून देणाऱ्यांचे आभार

आठ दिवस आमचा गॅस गिझर टिकटिक करून भस्सकन पेटायचा आणि पाच-सात सेकंदांत विझायचा. सासूबाईंच्या डोक्याला शिकेकाई आणि नळाला गार पाणी! मुंबईची कसली आलीय थंडी, असं पुण्याची बहीण म्हणाली. सांधे दुखणाऱ्या माणसाला विचारा म्हणावं.

पहिले आभार लालबागच्या त्या हार्डवेअरवाल्या काकांचे. नवा गिझर गळ्यात मारायचा सोडून त्यांनी विचारलं, "सेल कधी बदललेत?" दीड व्होल्टचे दोन जाडे सेल घातले. ठिणगी जोरात पडू लागली, ज्योत मात्र टिकेना.

मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त फिटर आजोबा आले. गॅसचा कॉक आणि पाणी बंद करून त्यांनी पाण्याची जाळी काढली, तर तळहातावर चिमूटभर लालसर गाळ. पाण्याला जोर नसला की आतला पडदा गॅस सोडतच नाही म्हणे.

खरं दुखणं सापडलं ते मेकॅनिक पोराला. ज्योतीत बुडणारी पेन्सिलीच्या शिशाएवढी सळई दाखवून म्हणाला, "ताई, हिला ज्योत कळली नाही की ही गॅस तोडते." काजळी पॉलिश पेपरने हलकेच पुसली, झालं! पण कबुतरांसाठी झरोक्याला लावलेला पुठ्ठा काढल्याशिवाय तो हलेना. हवा कोंडली की ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे त्याने सासूबाईंना दोनदा ऐकवलं. आता तिथे जाळी आहे.

घाईत तो चहा न घेताच गेला. नावही विचारायचं राहिलं. बाबा रे, चहा उधार आहे.