पखवाज वाजवूनही श्रद्धांजली होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की पुण्यतिथीच्या कार्यक्रमात ढोल-पखवाज वाजवणं शोभत नाही. अशा वेळी भजन असावं, आणि वाद्यं साथीपुरती. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण ते पत्र वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, कारण ते जे करू नये म्हणतात तेच मी गेली तीन वर्षं करते आहे.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, आमच्या दिंडीचे पखवाजी होते. आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथून हाकेच्या अंतरावर आमची शेती. मुलीनं पखवाजाला हात लावू नये असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तात्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. एका संध्याकाळी पखवाज उचलून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, ‘पखवाजाचा बोल आधी तोंडानं म्हण. तोंडात बसला की हातात येतो.’ मी सात वर्षांची होते.

गावात कुणी वारकरी गेला की तात्यांना निरोप यायचा. जेवत असले तर ताट बाजूला सारून उठायचे. पखवाज गळ्यात अडकवायचा आणि घरापासून ओढ्यापर्यंत तिरडीपुढं वाजवत जायचं. टाळ-मृदंगाच्या गजरात माणूस पोचवायची आपल्याकडची रीत पत्रलेखकांना नक्की ठाऊक असेल. तो गजर तरी कुणाच्या गाण्याची साथ असते? गळा दाटून आल्यामुळं अभंग अर्ध्यात तुटतो, तेव्हा पुढं पखवाजच माणसांना चालवत नेतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि हेच तात्या मे २०२१ मध्ये कोविडनं गेले तेव्हा त्यांच्यापुढं टाळाचा एक आवाज झाला नाही. मोजकी चार माणसं, तोंडं झाकलेली, सगळं वीस मिनिटांत उरकलं. त्या वर्षी माउलींच्या पादुकाही एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या दारावरून दिंडी गेली नाही. ज्यांनी गावातली इतकी माणसं वाजवत पोचवली ते स्वतः न वाजता गेले, हे माझ्या मनातून जात नव्हतं. ते राहिलेलं वाजवायचं, म्हणून मी रचना करायला बसले.

शब्द मला सुचलेच नाहीत. सुचले ते बोल. तीन पखवाज आणि सहा टाळकरी एवढाच मेळ धरला. ताल बारा मात्रांचा चौताल : धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. यातला समेवरचा, म्हणजे पहिल्या मात्रेवरचा, धा मी काढून टाकला. तिथं सगळ्यांनी हात उचलून धरायचा, वाजवायचं काही नाही. वादकांना सुरुवातीला हे फार जड गेलं. सम म्हणजे जिथं घरी यायचं ती जागा, आणि तिथं पोचलं की दार बंद. एक पोरगा म्हणाला, ‘ताई, पोटात खड्डा पडतो.’ मी म्हटलं, तो पडू दे.

दुसरी गोष्ट कणकेची. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उजव्या बाजूला कायमची शाई असते. डाव्या बाजूला मात्र दर वेळी वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, आणि वाजवून झालं की तो खरवडून काढावा लागतो. कणीक नसेल तर डावा हात नुसता टपटप करतो. ती बसली की तोच हात घुमायला लागतो. आमच्या घरी चपात्यांची कणीक मळली की काकू लिंबाएवढा गोळा वाटीत पाण्याचा हात लावून बाजूला ठेवायच्या. तात्या गेल्यावरही त्या कितीतरी दिवस ठेवत राहिल्या. संध्याकाळी वाळलेला गोळा गाईला घालायच्या, कुणाशी काही बोलायच्या नाहीत.

म्हणून रचनेत दोन पखवाज आधीपासून कणीक लावलेले, आणि तिसरा, तात्यांचा, कोरडा. तो तसाच सुरू होतो. मग दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेऱ्याला, वादक चिमूटभर कणीक घेतो आणि थापतो. दुसरे दोघं विलंबित लयीत त्याला सांभाळून घेतात. नऊ आवर्तनांत तो कोरडा आवाज हळूहळू खाली उतरत बाकीच्या दोघांना येऊन मिळतो. शेवटी टाळकरी एकेक करून थांबत जातात, पालखीमागची शेवटची दिंडी वळणाआड जाताना ऐकू येते तसे.

मे २०२३ मध्ये तात्यांच्या दुसऱ्या पुण्यतिथीला आमच्या मारुतीच्या देवळात हे पहिल्यांदा वाजवलं. कणीक काकूंनी पहाटे उठून मळली होती. पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं होतं. परात मांडीवर घेऊन त्या पुढंच बसल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याचा तळहात त्या मोकळ्या समेवर आपोआप मांडीवर पडला. पुढच्या आवर्तनाला आणखी दोघांचा. मग सबंध देऊळच दर समेला मांडीवर हात टाकू लागलं. आम्ही काहीच वाजवत नव्हतो तिथं पन्नास-साठ तळहातांचा तो दबका आवाज यायचा. मी तसं बसवलं नव्हतं. आता वहीत लिहून ठेवलं आहे.

यानंतर शहरातल्या एका स्मृतिसंगीत कार्यक्रमासाठी अर्ज केला. अर्जात पखवाज ‘साथसंगत’ या रकान्यात होता. फोनवर पहिला प्रश्न आला, ‘गायक कोण?’ गायक नाही म्हटल्यावर सांगितलं, की मग पाहुणे येईपर्यंत पाच मिनिटं वाजवा. मी नको म्हटलं. राग आला नाही असं म्हणणार नाही, पण वाईट जास्त वाटलं.

तबलावादक उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. त्यांच्या बरसीला झाकीरभाई मुंबईत षण्मुखानंद सभागृहात सकाळपासून रात्रीपर्यंत देशोदेशीच्या वादकांना घेऊन बसायचे. तिथं तालवाद्यं साथीलाही असत आणि स्वतःच्या बळावरही वाजत, आणि मुलानं बापाची आठवण अशी काढलेली कुणाला खटकली नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं मला एडगार वारेझ या पाश्चात्त्य संगीतकाराची, तेरा वादकांसाठी १९३१ मध्ये पुरी केलेली एक रचना ऐकवली. जवळजवळ सगळी तालवाद्यंच, आणि त्यात भोंगे. पहिल्यांदा ऐकताना मी गोंधळले, तिसऱ्यांदा ऐकताना हात लय धरू लागला. १९३३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मंचावर रचना म्हणून वाजली. आपल्याकडं तर नुसता पखवाज तासभर ऐकणारे रसिक पिढ्यान्‌पिढ्या होते. मग आपल्याच अर्जांत त्याला स्वतःचा रकाना का नसावा? स्मृतिकार्यक्रम करणाऱ्या मंडळांना माझी एवढीच विनंती आहे, की ‘तालवाद्य रचना’ असा एक रकाना घाला आणि रचनाकाराचं नाव विचारा.

आमच्या रचनेचे बोल आणि मात्रा वहीत नीट लिहिलेल्या आहेत. ज्या दिंडीला किंवा भजनी मंडळाला आपल्या माणसासाठी वाजवायची असेल, त्यांना मी वहीची झेरॉक्स देईन आणि दोन दिवस येऊन बसवूनही देईन. कणीक मात्र त्याच घरात, त्याच सकाळी मळलेली हवी.

आपली,
एक पखवाजवादक पुतणी
ता. फलटण, जि. सातारा