लघुउद्योगांच्या संशोधनासाठी राखीव वाटा हवा

अवकाश क्षेत्रातील नवउद्योगांविषयीचा आपला लेख वाचला. त्यातील उत्साह रास्त आहे, पण खरी अडचण पहिल्या नमुन्याच्या खर्चाची आहे. अमेरिकेत लघुउद्योगांना अशा संशोधनासाठी निधी देण्याचा कायदा १९८२ मध्ये झाला. बाहेरच्या संस्था व कंपन्यांकडून करून घेतलेल्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या सरकारी संस्थांना त्यातील किमान ३.२ टक्के रक्कम लघुउद्योगांसाठी राखण्याचे बंधन त्यात पुढे घातले गेले; बदल्यात सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. उपग्रहात टिकेल असा किरणोत्सारमापक घडवायला वर्षे लागतात. तेवढा धीर बँकेला कुठला? तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र स्वतःचे तंत्रज्ञान परवान्यावर उद्योगांना देते, हे मोलाचेच. मात्र साकीनाक्याच्या गाळ्यातील उद्योजकाला स्वतःची कल्पना पारखण्यासाठीही निधी मिळायला हवा. अणुऊर्जा व अवकाश विभागांच्या तरतुदीत असा वाटा कायद्यानेच ठरवावा.

– एक लघुउद्योजक, अंधेरी (पूर्व), मुंबई