दिन्यास, सविस्तर

प्रिय दिन्या,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितोय. परवा हसत हसत म्हणालास, "मी गेलो तर घरचे तरी सुटतील." मला काही हसू आलं नाही. सरळच विचारतो, जीव द्यावा असं मनात येतं का? रोज येतं की अधूनमधून? असं विचारल्यानं नसतं खूळ डोक्यात शिरतं म्हणतात, ते खरं नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. उत्तर आज रात्रीच फोन करून दे.

बाळूच्या मुलीच्या लग्नात तुला बघत होतो. सगळी पंगत बसली आणि तू खांबाला पाठ टेकून, ताट हातात धरून उभा. कुणी 'बस की' म्हटलं की 'गाडीत बसूनच आलोय' म्हणायचास. मठ्ठा वाढायला आलेला पोरगा पुढं गेला की डोळे मिटून कमरेवर हात दाबायचास. शेजारचे काका मला म्हणाले, "दिसायला तर ठणठणीत आहे!" दुखणं दिसत नाही, हाच मोठा जाच.

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं वेगळ्याच जातीचं असतं. जखम भरली तरी मज्जासंस्था चेतलेलीच राहू शकते, चोर नसताना वाजत राहणाऱ्या भोंग्यासारखी. त्यामुळे एमआरआय बरा आला म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही. दुखण्यानं झोप जाते, झोप गेली की सोसणं कमी होतं, मग मन खचतं आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं अधिक बोचतं. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं नसांच्या दुखण्यावरही देतात. चिठ्ठीवर तसं नाव दिसलं म्हणून 'मला वेड्यात काढलं' असं धरून बसू नकोस.

जुनाट दुखणं असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला आहे. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी आकडेवारीत आत्महत्यांच्या कारणांत कौटुंबिक प्रश्नांच्या खालोखाल आजारपण आहे, १८.४ टक्के. आणि दुखणं किती जोराचं, एवढ्यावरच हे ठरत नाही. उडालेली झोप, 'आता सुटका नाही' ही भावना आणि 'मी सगळ्यांना भार झालोय' हा हिशेब, यांचा त्यात मोठा वाटा असतो. तुझा हिशेब मला पाठ आहे. ऑपरेशनचं कर्ज, वहिनींच्या बुडालेल्या रजा, पोराची फी. तो मांडताना वहिनींना एकदा तरी विचारलंस? तू एकटाच सावकार, एकटाच कुळ!

कंबर पूर्ण बरी होईल असं मी म्हणणार नाही, मला तसा शब्द देता येत नाही. पण तिच्यासकट नीट झोपता येईल, थोडं चालता येईल, इतपत बऱ्याच जणांना गाठता येतं. पेन क्लिनिक म्हणजे जुनाट दुखण्यावरचा दवाखाना, बऱ्याच ठिकाणी तो भुलीचे डॉक्टर चालवतात, सोबत फिजिओ आणि समुपदेशक असतो. अशाच एका ठिकाणची वेळ मी शनिवारची घेतलीय, तुला न विचारता. चीड माझ्यावर हवं तर.

तोवर गोळ्यांचा डबा वहिनींकडे दे आणि दिवसापुरत्याच घे. का, ते त्यांना तूच सांग. जमत नसेल तर मी सांगतो. रात्री मनात तसलं काही आलं तर मला उठव. माझा फोन लागला नाही तर १४४१६ लाव. ती सरकारची टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. आणि अगदीच अनावर झालं तर खोलीत एकटा थांबू नकोस, वहिनींना उठव आणि सरळ दवाखाना गाठा.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. फायली एका पिशवीत काढून ठेव, जुन्या फिल्मसकट. गेल्या वेळी त्या माळ्यावर होत्या, आणि तिथं चढायचं काम तुझं नाही.

तुझा,
अव्या