किनारा मार्गाचा नकाशा : जाहिराती लवकर द्या

सर्व सभासदांना नमस्कार.

वेसवी–बागमांडला फेरीबोटीपासून केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड आणि पुढे दाभोळ–धोपावे फेरीने गुहागरपर्यंतच्या रस्त्याचा पर्यटक नकाशा दिवाळीआधी छापायचा आहे. रस्त्यावरच्या पाट्यांचा खर्च या नकाशातल्या सभासदांच्या जाहिरातींतूनच निघतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडे वळवणारी पाटी गंजून अक्षरं पुसली आहेत, गाड्या चुकून पुढे जातात. ती आधी बदलायची आहे.

ज्यांची जाहिरात राहिली असेल त्यांनी येत्या रविवारपर्यंत मजकूर व पैसे खजिनदारांकडे द्यावेत. घरगुती जेवण आणि गाडी लावायला जागा आहे का, हे जरूर लिहा; पाहुणे पहिलं तेच विचारतात.

जेटीजवळच्या सभासदांनी फेरीच्या सध्याच्या वेळा तिकीटखिडकीवर विचारून कळवाव्यात.