फळ्यावरचा आकडा

प्रिय मन्या,

तुझ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही, हे लक्षात आहे. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकदम घाल. तब्येत बरी. गुडघा जिन्यात कुरकुरतो, बाकी काही नाही.

आज लिहायला बसलो, कारण जे झालंय ते घरी सांगितलं तर म्हणतील, ‘मग करून टाक ना सही’, आणि साइटवर तर बोलायचीच सोय नाही. उरलास तू. शिवाय हे भांडण मुळात तुझं-माझंच.

इथेही गेटवर तो फळा आहे. जुन्या साइटवर तू हौसेनं लावला होतास, तस्साच. ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली हुकांना अडकवलेले पत्र्याचे आकडे. रोज सकाळी वॉचमन एक पत्रा काढतो, दुसरा अडकवतो. मोठा टप्पा जवळ आला होता. तो गाठला की टोळ्यांना बक्षीस आणि साहेबांना चांगलं रेटिंग. अशात चौथ्या मजल्यावर स्लॅबचं शटरिंग काढताना सेंट्रिंगच्या टोळीतल्या एका पोराच्या पायात फळीचा खिळा घुसला. बूट भेदून तळव्यात, चांगला खोल. पोरानं खिळा उपसला, फडकं बांधलं, बूट परत चढवला आणि संध्याकाळपर्यंत फळ्या वाहिल्या. मला कळलं ते पाय सुजून बुटात जाईना तेव्हा.

तो बूट मी हातात घेऊन बघितला. तळाला भोक, भोकाभोवती तांबडा गंज, आणि सोल इतका झिजलेला की बोटानं दाबला तरी दुमडतो. आत पत्रा वगैरे नव्हताच. हेल्मेट मात्र सगळ्यांना मिळालंय, कारण ते फोटोत दिसतं.

“सांगितलं का नाहीस?” विचारलं, तर म्हणाला, “साहेब, आकडा गेला असता.” एकट्याच्या पायापायी अख्ख्या टोळीचं बक्षीस बुडालं असतं, आणि मग त्याला त्याच टोळीत राहायचं होतं.

पुढची गंमत ऐक. डॉक्टरांनी जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. पाय टेकायचा नाही म्हणजे रजा, रजा म्हणजे दुखापतीनं दिवस बुडाला, आणि दिवस बुडाला की फळा शून्यावर. म्हणून त्याला रोज गाडीत घालून साइटवर आणतात, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात, पाय सिमेंटच्या गोणीवर, आणि परांचीचे कपलर मोजायला देतात. मोजलेले कपलर दुसऱ्या पिंपात. दुसऱ्या दिवशी तेच कपलर, तेच पिंप. कागदावर तो ‘हलक्या कामावर’ आहे. हसलास ना? मीही हसलो होतो.

आता खरी अडचण. अहवाल मी लिहिला. अपघाताची जागा: चौथा मजला, डी-शटरिंग. तो परत आला. जागेच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलंय, ‘राहत्या खोलीत?’ नुसतं प्रश्नचिन्ह, खाली सही कुणाचीच नाही. खोलीत लागलं म्हटलं की भरपाईचा प्रश्न मिटला; पुढे पायाचं काही झालं तर त्याचं तो बघेल. मी सही केलेली नाही, करणारही नाही. पण रोज केबिनमध्ये बोलावणं येतं, आणि अगदी गोड आवाजात “झालं का?” विचारतात. बापू मुकादम तर म्हणाला, “तुम्ही फार ताणता.” बापू! लिफ्टच्या खड्ड्याचं प्रकरण झालं तेव्हा कुणी ताणलं होतं म्हणून हा आज उभा आहे, विचार त्याला.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: आकडा डोळ्यांसमोर असला की माणसं जपून वागतात. अरे, वागतात. हेल्मेट न सांगता डोक्यावर जातं, बेल्टचा हुक अडकवला जातो, मी नाही कुठे म्हणतोय? पण त्याच्याबरोबरच गप्प राहायलाही शिकतात. नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर उघडून बघितलं. महिनाभर ‘निरंक’, एकाच पेननं, एका बैठकीत लिहिलेलं. एवढ्या मोठ्या कामावर वरून एक पाना सुटला नाही? एक फळी सरकली नाही? तू ट्रेनिंगमध्ये अपघातांचा अभ्यास करणाऱ्या हाइनरिचचा १९३१चा त्रिकोण काढायचास: वर एक मोठा अपघात, मध्ये २९ किरकोळ, खाली ३०० बिनदुखापतीचे. त्या प्रमाणावर पुढे बऱ्याच अभ्यासकांनी आक्षेप घेतले. मीही घेतला होता, तर तू माझ्याशी बोलणं टाकलंस! प्रमाण राहू दे. पण खालचा थर फळ्यानं पुसून टाकल्यावर वरच्या एकाची चाहूल लागणार कशी?

सरांची सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची गोष्ट आठवते? बांधकाम चालू असताना खाली जाळं बांधलं, जाळ्यानं १९ जण झेलले. सर तिथेच थांबायचे आणि मी हटकून १७ फेब्रुवारी १९३७ काढायचो. त्या दिवशी मचाण जाळं फाडून खाली गेलं आणि १० माणसं दगावली. सर काय चिडायचे! हल्ली मला त्या गोष्टीतलं वेगळंच काही आठवत राहतं. जाळ्यात वाचलेल्यांचा ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरचा क्लब’ म्हणून बोलबाला झाला. आपण पडलो होतो, हे ती माणसं मिरवत होती. आमच्या पोराला साधा खिळा लपवावा लागतो.

गंभीर धोका समोर दिसला तर कामावरून बाजूला व्हायचा हक्क कामगाराला असावा, असं आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९८८च्या करारात आहे, तो १६७ क्रमांकाचा. काम सुरू व्हायच्या आधी सुरक्षेवर बोलतो त्या टूलबॉक्स टॉकमध्ये मी ते वाचून दाखवतो, सगळे माना डोलावतात. खिळा लागला म्हणायची ज्याला भीती वाटते, तो ‘परांची हलतेय, मी चढत नाही’ असं मुकादमाच्या तोंडावर म्हणेल?

तू आता साइटना सुरक्षेची बक्षिसं देणाऱ्या समितीवर आहेस, म्हणून सांगतो. ‘शून्य अपघात’ला मार्क देणं बंद करा. किती नियर मिस नोंदले, त्यातले किती निस्तरले आणि किती दिवसांत, त्याला मार्क द्या. ज्या साइटचं रजिस्टर कोरं, तिथे माणूस पाठवा, न कळवता. फळी उतरली की तिथल्या तिथे खिळे उपसतात का, एवढंच बघू दे त्याला. बूट ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. आणि बुटाआधी खिळा, हे तर तूच मला शिकवलंयस.

वहिनींची बदली झाली का? चिरंजीव सिव्हिलला जायचं म्हणतोय ते खरं की अफवा? गच्चीची गळती काढायला स्वतः चढू नकोस, तुझं वजन आणि तुझी ती शिडी, दोन्ही मला ठाऊक आहेत.

उद्या परत केबिनमध्ये बोलावलंय. अहवालाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, पेन्सिलीसकट. समितीपुढे ठेवायची की नाही ते तू ठरव. ठेवलीस तर पोराचं नाव झाक, माझं झाकू नकोस.

तुझा,
बाळ्या